नऊ शहाणे, दोन पागल

फुटबॉलच्या एका मोठ्या लीगमध्ये मी तिसरा आलो होतो. लाखांनी टीमा होत्या, त्यात तिसरा. मेडशीच्या स्टँडवर झेरॉक्सचं दुकान चालवणारा माणूस, ज्यानं आयुष्यात फुटबॉलला एकदाच पाय लावला आणि अंगठ्याचं नख घालवलं. आता पैसे लावून टीमा बनवायच्या ते ॲप बंद झालं, तरी अजून कोणी ना कोणी काउंटरवर कोपर टेकून विचारतंच, "भाऊ, सांगा ना, कशी लावली होती टीम?" मी सांगतो. अगदी गोलकीपरपासून सांगतो. हात हलवून सांगतो. फक्त एक गोष्ट गाळतो, ती ही, की टीम माझी नव्हती. ज्याची होती तो माझा दोस्त होता. होता म्हणजे अजून आहे, तांड्यावर राहतो, धडधाकट आहे. दोस्त नाही एवढंच. आणि हे कोणी केलं म्हणाल तर दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायला मला अजून तरी माणूस सापडलेला नाही.

पण आधी माझ्या अक्कलहुशारीचं सांगतो.

क्रिकेटच्या टीमा आमच्याकडे सगळेच लावत. पानठेलेवाला लावे, कोतवाल लावे, एसटीचा कंडक्टर मशीनमधून तिकीट काढता काढता कॅप्टन बदले. तिथं ज्याला त्याला ज्ञान. मी विचार केला, ज्या खेळातलं इथं कोणालाच काही कळत नाही त्या खेळात शिरावं. जिथं मी आंधळा, तिथं बाकीचेही आंधळेच असणार. लीगमध्ये मेडशीच्या बाहेरचीही माणसं असतात, केरळातली असतात, बंगालातली असतात, आणि ती रांगत होती तेव्हापासून फुटबॉल पाहतात, हे माझ्या ध्यानात यायला एक अख्खा हंगाम गेला.

खेळ असा. समोरासमोरच्या दोन संघांतून मिळून अकरा जण निवडायचे. प्रत्येकाला किंमत लावलेली, आणि तुमच्या हातात शंभर क्रेडिट. म्हणजे सगळेच महागडे घेता येत नाहीत; दोन बैल घेतले की उरलेल्यात शेळ्या. मैदानात तो माणूस जे करेल त्याचे पॉइंट तुम्हाला. कॅप्टन कराल त्याचे दुप्पट, व्हाइस कॅप्टनचे दीडपट. मॅचच्या तासभर आधी खरे खेळणारे जाहीर होतात, तेव्हा धावपळ करून टीम बदलायची. मॅच सुरू झाली की टीमेला कुलूप. आणि त्याच क्षणाला पडदाही उघडतो: लीगमधल्या कुठल्याही नावावर बोट ठेवा, त्याची अख्खी टीम दिसते. हे शेवटचं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पहिल्या मॅचला मी गोलकीपरला कॅप्टन केलं. म्हटलं, बावीस जणांत हात लावायची परवानगी असलेला माणूस, म्हणजे हाच मोठा असणार. त्यानं चार गोल खाल्ले. दुसऱ्या मॅचला सगळ्यात महाग खेळाडू घेतला. तो बाकावर बसला होता, अंगात जाड कोट, आणि कॅमेरा आला की हसत होता. इकडे मी त्याला दुप्पट पॉइंटांचा मान देऊन बसलेलो. दुप्पट शून्य किती होतात ते मला पाठ होतं. पुढच्या शनिवारी एका दाढीवाल्याचा चेहरा मला फार कष्टाळू वाटला. चौथ्या मिनिटाला त्यानं समोरच्याच्या पोटरीवर बूट ठेवला आणि लाल कार्ड घेऊन बाहेर आला. त्या दिवशी मला कळलं की शून्याच्या खालीही जागा असते, आणि तिथंही बसायला मिळतं.

मग मी अभ्यास सुरू केला. दुकानात कॉम्प्युटर होताच. कोणी किती गोल मारले, कोणी किती पास दिले, सगळं रकान्यांत भरलं. लोक सातबाऱ्यासाठी रांगेत उभे, आणि मी स्क्रीनवर परदेशातल्या पोरांचे गोल बेरीज करतो आहे. त्या अभ्यासाचा फायदा असा झाला की मी तळातून मधे आलो. मधेच राहिलो. आकडे मी पाहत होतो तेच सगळे पाहत होते, त्यामुळे माझी टीम आणि हजारो लोकांची टीम एकच निघे. जत्रेत सगळ्यांनी सारखाच सदरा घातल्यासारखं.

दोस्त या खेळात आला तो श्रावणातल्या एका दुपारी. शाळेत आठवीपासून आम्ही एका बाकावरचे. जवळच्याच तांड्यावर त्याचं घर, थोडं सोयाबीन, थोडी तूर. पण त्याचं खरं काम ऊसतोडीचं. तो टोळीचा मुकादम. दिवाळी झाली की माणसं गोळा करून तिकडे कारखान्याच्या मुलखात जायचं, गुढीपाडव्याच्या आगेमागे परत. गावात असला की दुपारी माझ्याकडे. काउंटरची फळी उचलून सरळ आत यायचा, जुन्या मशीनजवळ एक लोखंडी स्टूल होतं त्यावर बसायचा. ते स्टूल त्याचंच होतं. दुसरं कोणी बसलं तर मीच उठवायचो.

"काय पाहून राह्यला बे?"

"मागची मॅच."

"कोन जिंकून राह्यलं?"

"मी सोडून सगळे."

त्यानं मोबाइल माझ्या हातातून घेतला. जरा वेळ पाहिलं. फुटबॉल त्याला माझ्याइतकाच माहीत होता, म्हणजे नव्हता.

"हा पिवळ्या बुटाचा कोन हाय?"

"गंज महाग खेळाडू हाय. माहा कॅप्टन होता."

"ह्याले कायले घेतलं? लंगडून राह्यला ना."

"कुठी लंगडून राह्यला? पयते पाह्य कसा."

"पयतानी नाई बे. थांबतानी पाह्य. थांबला का उजव्या पायावर वजन देत नाई. असा गडी मी टोळीत घेत नाई. पंधरा दिवसात घरी जाते."

मी हसलो. मला त्या मॅचचे पॉइंट तेवढे माहीत होते, मॅच मी पाहिली नव्हती. पुढे वीसेक मिनिटांनी पिवळे बूट गवतावर बसले, दोघांनी खांद्याला धरून बाहेर नेलं. मी तो भाग तीनदा मागे घेऊन पाहिला. दोस्त तोवर माझ्या डब्यातली भाकर खात होता.

त्याचं शास्त्र हे असं होतं. टोळी बनवताना तो माणसाचं तोंड पाहत नसे, बोलणं ऐकत नसे. चालायला लावायचा, वाकायला लावायचा, आणि काम नसताना कसा उभा राहतो ते पाहायचा. कोणाचा खांदा कधी झुकतो, कोण रुसून काम करतो, कोण घरून भांडून आला आहे, हे त्याला पन्नास पावलांवरून दिसे. मला एवढंच दिसे की माणूस आहे.

दुसरी गोष्ट त्यानं सांगितली जोडीची. ऊसतोडीत माणसं एकेकटी मोजत नाहीत. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक वेळा नवरा-बायको. एक तोडणार, एक मोळी बांधणार. मी अकरा खेळाडू अकरा ठिकाणांहून वेचत होतो. दोस्त म्हणाला, "हे काय अकरा रंडवे गोळा केले तू? हा पाह्य, हा बॉल देते, तो मारते. दरवेळेस हाच देते, तोच मारते. हा कोयता हाय. घ्यायचे तं दोघंबी घे, नाई तं दोघंबी सोड." खरंच होतं. एकाचा गोल झाला की दुसऱ्याच्या पासचेही पॉइंट मिळत, एका माराला दोन्हीकडून भरती. केरळातले लोक हे कधीचे करत असतील. आम्हाला मात्र ते उसाच्या फडातून कळलं.

आणि तिसरी गोष्ट, जी मी नंतर स्वतःच्या नावावर शंभर वेळा सांगितली. मी म्हटलं, मोठ्या लीगमध्ये वर यायचं तर सगळ्यांपेक्षा वेगळी टीम पाहिजे. आणि जोशात अकराच्या अकरा असे निवडून दाखवले की ज्यांना त्यांच्या गल्लीत कोणी ओळखत नसेल. दोस्तानं कागद पाहिला.

"अकराही पागल घेशीन तं गाडी पलटी होईन. नऊ शहाने घे, दोन पागल. शहाने गाडी चालोतीन, पागल पुढं नेतीन."

"आन् पागल कोनते?"

"ते मी सांगतो ना."

तसं आमचं चालू झालं. बिघडलेल्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर मी टीम लिहायचो, नऊ नावं माझ्या आकड्यांतून, दोन त्याच्या डोळ्यांतून. नावं उच्चारायला जमत नसत म्हणून आम्ही गावठी नावं ठेवली. उंच होता तो लंबू. मैदानाच्या मधे उभा राहून नुसते हात दाखवणारा तो ठेकेदार. डावीकडून धावणारा एक बचावातला पोरगा सारखा केसांवरून हात फिरवायचा, तो नवरदेव. दोस्तानंही स्वतःचं खातं उघडलं. करार असा, की मॅचच्या आधी दोघांनी आपापली टीम एकमेकांना सांगायची, लपवाछपवी नाही. आणि कोणाचंही लागलं तरी अर्धं-अर्धं. मीच त्याला शिकवलं, "मॅच चालू झाली का वरच्या नंबरवाल्यायच्या नावावर बोट दाबायचं, टीमा पाह्यच्या. शिकाले भेटते." तो इमानदारीनं दर मॅचला पाहायचा.

दिवाळी झाली, तो टोळी घेऊन गेला. मग दर शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन. फडात रेंज नसे, तर उसानं भरलेल्या ट्रॉलीवर चढून बोलायचा. मागून ट्रॅक्टरचा आवाज, कोणाचं तरी "मुकादम, खाली या," आणि याचं मात्र, "ठेकेदाराले काढ, त्याचं भांडन झालं कोच संगं, तोंड पाह्यलं नाई का मागच्या मॅचले?" आम्ही वर सरकू लागलो. आधी पहिल्या काही हजारांत, मग हजारात, एकदा पहिल्या शंभरात. माझ्या खात्यातली टीम वर असे, कारण आकडे जुळवायला मी बसलेलो असे. स्टँडवर माझं नाव झालं. मालेगावहून येणारी माणसं झेरॉक्स नसली तरी उतरून विचारून जात. मी त्यांना मान जराशी तिरपी करून उत्तरं देऊ लागलो. ती तिरपी मान मला आता आठवली की स्वतःच्याच कानशिलात द्यावीशी वाटते.

पौषात एक दिवस चहाच्या ठेल्यावर कोणीतरी म्हणालं. माझी पाठ त्याच्याकडे होती म्हणून त्याला वाटलं मी ऐकत नाही. "खातं ह्याचं हाय, डोकं त्या तांड्यावाल्याचं." बाकीचे हसले. हसू वाईट नव्हतं, गमतीचं होतं. पण मला ते खाजकुयरीसारखं लागलं. दिवसभर खाजवत राहिलो. एवढे रकाने भरले, एवढी डोळ्यांची वाट लावली, आणि डोकं त्याचं?

त्याच आठवड्यातला शनिवार. मॅच संध्याकाळी सहाची. दुकानात गर्दी, कुठल्या तरी फॉर्मची शेवटची तारीख होती. काउंटरवर आठ-दहा जण, त्यात चहाच्या ठेल्यावरचेही दोघं. माझे दोन्ही हात कीबोर्डवर, म्हणून फोन आला तो स्पीकरवर टाकला.

"आयक," दोस्त म्हणाला, "आज नवरदेवाले कॅप्टन कर."

"कोनाले?"

"नवरदेवाले. समोरच्यायचा उजव्या बाजूचा गडी हाय ना, त्याचं ढोपर दुखून राह्यलं. मागच्या मॅचले वळतानी खांदा टाकत होता. त्यायले दुसरा मानूस नाई, आजबी त्यालेच खेळोतीन. नवरदेव त्याच्याच अंगावरून पयते. आन् लंबूले व्हाइस कॅप्टन. कोयता हाय तो. मी लावून टाकली टीम."

बचावातला माणूस कॅप्टन. लाखांत कोणी करणार नाही असं. आणि खरं सांगतो, त्याचं वाक्य संपेपर्यंत मला कळलं होतं की हा बरोबर आहे. मागच्या मॅचचा तो खांदा मीही पाहिला होता. म्हणजे, त्यानं सांगितल्यावर मला आठवलं की मी पाहिला होता. माझं पाहणं तेवढंच.

पण काउंटरवर दहा जण ऐकत होते. ठेल्यावरचे दोघं माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"काहो मुकादम," मी मोठ्यानं म्हटलं, "बचावातला मानूस कुठी कॅप्टन करतेत? तू ऊस तोड बावा. फुटबॉल मी पाह्यतो."

दुकान हसलं. चांगलं खळखळून हसलं. मला ते हसू हवं होतं, आणि ते मिळालं. फोनमधून आधी नुसता ट्रॅक्टर ऐकू आला. मग तोही हसला, लोक हसले म्हणून.

"बरं," म्हणाला. "तू म्हनतो तं मंग मी माही बदलून टाकतो?"

इथं थांबता आलं असतं. "राहू दे" एवढे दोन शब्द होते.

"टाक बदलून," मी म्हटलं. "लंबूलेच कर कॅप्टन. सगळी दुनिया करते तसं."

फोन ठेवला. आणि गर्दी कमी झाल्यावर, पावणेसहाला, मी मशीनच्या आड तोंड करून माझ्या खात्यात टीम लावली. कॅप्टन नवरदेव. व्हाइस कॅप्टन लंबू. नऊ शहाणे, दोन पागल, सगळं त्यानं सांगितलं तसं. लाखांत ती टीम एकाच नावावर दिसायला हवी होती, आणि ते नाव माझं. पैशाचा विचार तेव्हा मनात नव्हता. असता तर एवढी लाज वाटली नसती. मला फक्त तो ठेला चूप करायचा होता.

मॅचचं काय सांगू. ढोपरवाला खरंच खेळायला उतरला. पंधराव्या मिनिटाला नवरदेव त्याच्या अंगावरून असा गेला जसं उघड्या फाटकातून जनावर जातं. पास, लंबू, गोल. दुसरा गोल तसाच. तिसरा तर त्यानं स्वतःच मारला, आणि मग उभा राहून केसांवरून हात फिरवला. समोरच्यांना एकही नाही. बचावातल्या माणसाचे जेवढ्या प्रकारांनी पॉइंट होऊ शकतात तेवढे झाले आणि दुप्पट झाले. एक वेळ अशी होती की मी पहिला होतो. लाखो टीमांच्या वर माझं नाव. मी दुकानाबाहेर येऊन ओरडलो. मानोऱ्याची गाडी स्टँडवर उभी होती, तिच्या खिडक्यांतून लोकांनी वाकून पाहिलं.

ठेल्यावरचे आले, सगळे आले. "दाखवा, टीम दाखवा." मी मोबाइल उंच धरून दाखवली, "कॅप्टन नवरदेव!" असं ओरडून. माझ्यासारखा मूर्ख मीच.

एक म्हातारा शेतकरी होता, दुपारपासून फॉर्मसाठी बसलेला. त्याला फुटबॉल म्हणजे काय ते माहीत नसेल. तो म्हणाला, "कॅप्टन नवरदेव? हे तं तो फोनमंधला सांगून राह्यलता ना? तुमी तं त्याले नाई म्हनलं."

कोणी हसलं नाही. ठेल्यावरचे दोघं जरा वेळानं चहाला गेले. हुशारीचा जो बिल्ला मला हवा होता तो मिळाला होता, आणि तो त्यांनी पाहून परत माझ्याच हातात दिला.

आणि तेव्हा, त्या मिनिटाला, मला पडदा आठवला. सहा वाजता कुलूप, सहा वाजता पडदा. वरच्या नंबरवाल्यांच्या नावावर बोट दाबायचं. शिकायला मिळतं. तिकडे ट्रॉलीवर बसून त्यानं सवयीनं पहिल्या नंबरावर बोट ठेवलं असणार. हे मीच त्याला शिकवलं होतं.

मॅच संपली, मी तिसऱ्यावर थांबलो. मी फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

"पाह्यलं," तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत. "आपला नवरदेव मस्त खेळला."

"आयक ना, ते मी शेवटी शेवटी..."

"हाव."

"तू... तू बदलली का?"

"तू म्हनला ना बदल. बदलली."

"मंग कितवा आला?"

"कायले पाह्यचं." मग "ट्रॅक्टर आला. भरनं हाय," म्हणाला आणि फोन ठेवला.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वऱ्हाडी माणसाकडे शिव्यांची काय कमी? आमचं तर बोलणंच शिवीनं सुरू व्हायचं. त्या दिवशी त्याच्या तोंडून एक "बे"सुद्धा निघाला नाही.

बक्षीस आलं. चांगली मोटारसायकल आली असती एवढं. कराराप्रमाणे अर्धं मी त्याला लगेच पाठवलं. पाठवल्यावर मला जरा हलकं वाटलं, चहा सांगितला. चहा यायच्या आत सगळी रक्कम परत आली, खाली एक शब्द नाही. मी पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा पाठवायची हिंमत झाली नाही. मग मी रंगीत झेरॉक्सची नवी मशीन घेतली. तिची पूजा केली, नारळ फोडला. बायको पेढ्याचं ताट घेऊन उभी होती. म्हणाली, "भाऊचा फोन नाई आला दोन शनिवार?"

"बिझी असन. ऊस हाय ना."

"ऊस तं दर वर्षीच असते," ती म्हणाली आणि ताट घेऊन ठेल्याकडे गेली. तिला कोणी काय सांगितलं होतं ते मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी एकट्यानं टीमा लावल्या. नऊ शहाणे माझे होतेच, दोन पागल निवडायला मी खेळाडूंचे पाय पाहू लागलो. मोबाइल नाकाला लावून पाहायचो. थांबताना, वळताना, केस नीट करताना. एकदा मला पक्कं वाटलं की समोरच्या गोलकीपरची कंबर दुखते आहे. त्यानं त्या दिवशी दोन पेनल्टी अडवल्या. मी हजारातून दहा हजारांत गेलो, तिथून पुढचं मोजायचं सोडलं. पहिल्या हंगामातल्या जागी परत आलो, फक्त आता मशीन नवी होती.

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या. मला रोज वाटे आज फळी उचलून येईल. काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. सुरुवात शिवीनं करायची, म्हणजे तोही शिवी देईल, आणि मग पुढचं सोपं. स्टूल पुसून ठेवलं होतं.

तो आला एका शनिवारी, सव्वापाचच्या सुमाराला. सहाची मॅच होती, मी मोबाइल नव्या मशीनला टेकवून ठेवला होता. त्यावर खेळाडू मैदानात उतरून अंग मोकळं करत होते. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत लेकीच्या ॲडमिशनचे कागद. अजून काळवंडलेला, वाळलेला. तो फळीपाशी आला आणि काउंटरच्या बाहेर उभा राहिला. त्याच्या आधी एक बाई होती, तिच्या मागे. रांगेत.

"आत ये ना बे," मी म्हटलं. पाठ केलेली शिवी कुठं गेली कोण जाणे.

"नाई, ठीक हाय. ह्या बाईचं होऊ दे आंधी."

बाईचं झालं. मी त्याचे कागद घेतले. दाखला, मार्कशीट, आधार. मशीन एकेक पान बाहेर टाकत होती, गरम, रंगीत, सुरेख. त्याच्या नवरदेवानं कमावलेली मशीन. मी म्हटलं, "त्या दिवशीचं मी..."

"दोन-दोन कॉप्या लागतीन," तो म्हणाला.

मी दोन-दोन काढल्या. तेवढ्या वेळात त्याची नजर मोबाइलवर गेली. जाणारच होती. खेळाडू हळूहळू धावत होते, थांबत होते, वाकून बुटांचे बंद बांधत होते. मी त्याच्याकडे पाहत होतो. एका क्षणाला त्याच्या भुवया किंचित वर झाल्या. ओठ उघडले. मला ते तोंड आठवीपासून माहीत आहे. आता "ह्याले काढ" निघणार, हे मला श्वासावरून कळलं. मशीन थांबली होती. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

त्यानं तोंड मिटलं. कागद पिशवीत घातले, काठाकाठानं नीट, दुमडू न देता. आणि गेला.

लाइनअप जाहीर झालेली, मॅचला अजून अर्धा तास होता. टीम बदलता येत होती. त्यात कोणीतरी एक लंगडत होता, एवढं मला पक्कं कळलं होतं. दोस्ताच्या डोळ्यांनी ते पाहिलं होतं. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, त्याच्या स्टुलावर बसलो आणि अकराच्या अकरा जणांचे पाय पाहत राहिलो. अकराही मला धडधाकट दिसले.

शेवटी अंदाजानं एकाला काढलं. लंगडणारा तो नव्हता.